मागून कसं दिसतं

माझे केस एकतीस वर्षं माझ्या बायकोने कापले. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सलूनवाल्याने माझ्या कानामागे वस्तरा लावला आणि मी रुमाल दाबून घरी आलो. तिने जखम धुतली, पट्टी लावली आणि म्हणाली की यापुढे हे डोकं मी बघते. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर कामाला होती. एका वेळी चाळीस थर कापायची सवय. तिचं म्हणणं होतं, कापड चुकलं तर वाया जातं, केस तर परत येतात, मग घाबरायचं कशाला.

दर चौथ्या रविवारी सकाळी चहा झाला की स्वयंपाकघरात स्टूल मांडलं जायचं. खाली जुनी वर्तमानपत्रं. गळ्याभोवती एक विटकी चादर, मागे कपड्याच्या चिमट्याने घट्ट केलेली. वाटीत पाणी. केस उडू नयेत म्हणून पंखा बंद. तिच्या तोंडात एक-दोन जास्तीचे चिमटे असायचे, त्यामुळे ती दातांतून बोलायची. "मान खाली" एवढंच नीट ऐकू यायचं. बाकी मी अंदाजाने हो म्हणायचो. काम झालं की ती मानेवर पावडर मारायची, केस कागदात गुंडाळायची आणि म्हणायची, "लावा पंखा." त्या सगळ्यात माझं काम तेवढंच होतं.

मी विचारायचो, मागून कसं दिसतं? ती म्हणायची, "जसं दिसायला हवं तसं." घरात आरसा एकच, बेसिनवरचा. हातात धरायचा एक छोटा होता, तो बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या हातून फुटला. नवा आणू का विचारलं तर म्हणाली, तुम्हाला मागचा आरसा कशाला, मागे मी आहे ना. ती माझ्यापेक्षा दोन बोटं उंच होती. माझं डोकं तिला वरून दिसायचं.

मी चष्म्याच्या काचा घासतो. पूर्वी मोठ्या कारखान्यात होतो. तो बंद पडला, वर्षभर घरी बसलो, मग एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत लागलो. अजून तिथेच आहे. आम्ही दोघे असतो. मी काच मापाने घासून देतो, दुसरा ती फ्रेममध्ये बसवतो. त्याला पूर्ण टक्कल आहे आणि ट्यूबलाइट बरोबर त्याच्या डोक्यावर येते. पहिल्याच आठवड्यात मी त्याला आरसा म्हणायला लागलो. मग सगळं दुकान म्हणायला लागलं, मालकसुद्धा. अकरा वर्षं मी त्याच्या डोक्यावर बोलत आलो. भांग कुठून पाडतोस, तेलाची बाटली किती वर्षं पुरते, दुपारी रस्त्यावर जाऊ नको, समोरच्या गाडीवाल्याचे डोळे दिपतील. तो कधी चिडला नाही. खाली बघून स्क्रू पिळायचा आणि हसायचा. मला वाटायचं, बिचारा, बोलणार काय.

सहा महिन्यांपूर्वी बायको गेली. दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. समोरची शेजारीण बघत होती. ती सांगते, वहिनी खाली वाकल्या, मला वाटलं चिमटा पडला असेल. मी दुकानात होतो. शेवटचे केस तिने नऊ दिवस आधी कापले होते.

त्यानंतर मी डोक्याला कात्री लावली नाही. मनाशी काही ठरवलं होतं असं नाही. पहिला चौथा रविवार आला तेव्हा चहाचा कप घेऊन स्टुलाकडे बघत बसलो. दुसरा आला तेव्हा झोपून राहिलो. पुढचे मोजले नाहीत. केस कानांवर आले, मग कॉलरवर. दोनदा सलूनपर्यंत गेलो. काचेतून आत बघितलं तर एक माणूस डोळे मिटून खुर्चीत बसला होता आणि कोणी परका हात त्याची मान खाली दाबत होता. मी परत आलो.

थकवा फार होता. कोणाला सांगितलं की म्हणतात, रक्त तपासून घ्या. दाढी करायची म्हणजे उठायचं, पाणी गरम करायचं, ब्लेड शोधायचं आणि मग स्वतःचं तोंड दहा मिनिटं बघत उभं राहायचं. एवढं आठवड्यातून एकदा जमत होतं. दुकानात मालक दोनदा म्हणाले की केस घासायच्या चाकाजवळ येतात, एखाद दिवशी डोकं आत ओढलं जाईल. आरशाने एक दिवस काही न बोलता माझ्या टेबलावर एक रबरबँड आणून ठेवला. मी तो काचांच्या पाकिटाला लावला.

आमची मुलगी बसने चार तासांच्या अंतरावर असते. तिथे प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते, त्यामुळे समोर येईल ते तपासायची तिला खोडच आहे. रोज संध्याकाळी फोनवर तोंड बघून बोलते. मी दिव्याकडे पाठ करून बसायचो म्हणजे तिला नीट दिसू नये. ती म्हणायची, "बाबा, छत नका दाखवू, ते मी बघितलंय." एक दिवस वीज गेली आणि खिडकीच्या उजेडात मी तिला पुरता दिसलो.

घर भाड्याचं आहे. महिनाअखेर करार संपत होता आणि घरमालकांना उत्तर हवं होतं. मुलीचं म्हणणं, आता नवा करार करू नका, माझ्याकडे या. खोली तयार आहे, जावयाने भिंतीला फळीसुद्धा ठोकली आहे. मी म्हणालो की माझं इथे छान चाललंय. ती म्हणाली की रविवारी येते, बघते, मग ठरवू. तुम्ही नीट राहताय असं दिसलं तर मी एक शब्द बोलणार नाही, तुम्ही खुशाल सही करा. तसं दिसलं नाही, तर घरमालकांना मीच फोन करीन. तिचा स्वभाव तिच्या आईवर गेला आहे. ठरवू म्हणते तेव्हा तिचं निम्मं ठरलेलं असतं.

मला जायचं नव्हतं. या घरात विशेष काही आहे म्हणून नाही. दोन खोल्या आहेत, नळ ठिबकतो. पण इथली प्रत्येक वस्तू बायकोने ठेवलेली आहे. मिठाची बरणी इतक्या वरच्या फळीवर आहे की मला टाचा उचलाव्या लागतात. तिला लागत नसत. सहा महिने मी टाचा उचलून मीठ काढतोय, बरणी खाली आणलेली नाही. मी गेलो तर ती बरणी कोणीतरी खोक्यात भरेल.

म्हणून शनिवारी कामाला लागलो. फ्रिज रिकामा करून पुसला. चादरी धुतल्या. गॅसच्या शेगडीवरचा जुना थर चमच्याने खरवडला. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या टाकून दिल्या. संध्याकाळी नखं कापली, नाकातले केस कापले, दोन शर्टांना इस्त्री केली. रात्री पाठ इतकी दुखत होती की आडवं होतानाही विचार करावा लागला. राहिलं होतं फक्त डोकं.

रविवारी सकाळी आठला सुरू केलं. मुलीची बस अकराला येणार होती. आधी दाढी केली, मिशी बारीक केली. मग बायकोच्या कपाटातून केस कापायच्या सामानाचा खोका काढला. कात्री, कंगवे, आणि केस कापायचं मशीन. मशीनला पुढे लावायचे प्लास्टिकचे कंगवे असतात, एक, दोन, तीन नंबरचे. बाजूला तीन, असं ती पुटपुटायची ते माझ्या लक्षात होतं. स्टूल मांडलं, मग कळलं की स्टुलावरून आरसा दिसत नाही, म्हणून बेसिनपाशी उभा राहिलो. चादर घेतली तर मागे चिमटा लावता येईना. हात पोचतात पण एका हाताने चादर धरावी लागते. शेवटी चिमटा पुढे गळ्यापाशी लावला.

कानांच्या बाजू चांगल्या झाल्या. मला स्वतःलाच बरं वाटलं. वर्षानुवर्षं ज्याचं एवढं कौतुक केलं ते इतकं सोपं होतं तर, असंही मनात आलं. त्याची नंतर लाज वाटली. समोरचे केस कात्रीने कापले. एक बाजू थोडी उतरली, मग दुसरी तिच्या मापाला आणली. हे मला येतं. काचेचं तसंच असतं.

मग मागे आलो. मानेपासून मशीन वर न्यायचं आणि कुठेतरी थांबायचं, हे मला आठवत होतं. ती एका जागी नेहमी मशीन बंद करायची आणि कात्री घ्यायची. तिथून पुढे तिचे हात फार सावकाश चालायचे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. कुठे थांबायचं ते कळेना, म्हणून मी थांबलोच नाही. मान, डोक्याची मागची गोलाई, तिथून वर, शेंड्यापर्यंत. वरून केसांचे मोठे झुपके खांद्यावर पडत होते. शेंड्यावर मशीन कशाला तरी अडलं, टक् असं वाजलं आणि पुढचा कंगवा निघून बेसिनमध्ये पडला. हात तोवर पुढे गेला होता.

मशीन बंद केलं. डावा हात डोक्यावर ठेवला. काचेवर बोट ठेवल्यासारखं गुळगुळीत लागलं.

मोबाईलने मागचा फोटो काढायला लागलो. पहिल्यात छत आलं, दुसऱ्यात कान, तिसऱ्यात माझाच अंगठा. पाचव्यात दिसलं. डोक्याच्या शेंड्यावर गोल, लहान मुलाच्या चष्म्याच्या काचेएवढा, एकही केस नाही. कंगवा पडला आणि नुसत्या पात्याने तेवढी जागा साफ केली होती. काठ इतका गोल होता की कारखान्यात चांगल्या दिवसांतही माझ्या हातून तसा निघाला नसता.

साडेनऊ वाजले होते. मी बेसिनच्या काठाला धरून उभा राहिलो. मुलगी दारातून आत येईल, हे बघेल आणि एका मिनिटात ठरवेल. ज्या माणसाला स्वतःचे केस कापताना असं होतं, तो गॅस कसा बंद करत असेल. तिची चूक म्हणता आली नसती.

मिशीला लावायच्या रंगाची पुडी कपाटात होती. बायको तो माझ्या मिशीला लावायची, जुन्या दात घासायच्या ब्रशने, महिन्यातून एकदा. मी तोच ब्रश काढला, वाटीत रंग कालवला आणि चाचपडत त्या गोलावर लावला. पुडीवर लिहिल्याप्रमाणे अर्धा तास थांबलो. तोवर बेसिन आणि जमीन साफ केली. धुऊन परत फोटो काढला. रंग कातडीवर छान बसला होता. भोवतीचे केस राखाडी आणि मधे कुळकुळीत काळा गोल. नेम धरायच्या फळ्यावर असतो तसा. साबण लावला, घासलं. कडेची कातडी लाल झाली, काळं गेलं नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ती आली. पिशवी ठेवायच्या आधी मला समोरून बघितलं आणि तिचा चेहरा सैल झाला. "केस कापलेत," ती म्हणाली. "कोणी कापले?"

"मीच."

तिला खरंच आश्चर्य वाटलं. दोन्ही बाजू बघितल्या, मान हलवली. मग घरभर फिरली. फ्रिज उघडला, कपाट उघडलं, गॅसचं बटण हात लावून बघितलं, गादीखाली चादर खोचली आहे का तेसुद्धा. ती जिकडे जाईल तिकडे मी तोंड करून उभा राहत होतो. सगळीकडे पास झालो. मग तिने खुर्ची ओढली आणि बसली, तर मला चहा करायला आत जायचं होतं. मी मागे मागे सरकत स्वयंपाकघरात गेलो. दाराच्या चौकटीला खांदा आपटला.

"बाबा, असे का चालताय?"

"पाठ धरली आहे."

"पाठ धरली की उलटं चालतात?"

मी चहाचं पातेलं उचललं. ते भरायचं तर नळाकडे वळायलाच हवं होतं. मी तसाच उभा राहिलो. ती उठून आली, माझ्या खांद्यांना धरलं आणि मला वळवलं. नळ ठिबकत होता.

मीच बोलायला लागलो. मशीनचा कंगवा निसटला, ती मशीनची चूक, माझा हात थरथरत नाही, विचार दुकानात. बाकी सगळं मी एकट्याने केलंय, फ्रिज बघितलास, गॅस बघितलास. एवढ्या एका गोष्टीवरून ठरवू नकोस. रंग लावला ते चुकलंच, पण केस येतील, दोन महिन्यांत भरून येईल. मी नळाकडे तोंड करून हे सगळं बोलत होतो.

मागून आवाज आला तो हसण्याचा. वळून बघितलं तर ती स्टुलावर बसली होती, तोंडावर हात, खांदे हलत होते. मी रागावणार होतो. पण हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले आणि मग ते हसणं राहिलं नाही. ती आईच्या अंत्यसंस्काराच्या दिवशीही अशी रडली नव्हती. त्या दिवशी सगळ्यांना पाणी देत फिरत होती.

डोळे पुसून म्हणाली, "बाबा, हे तुम्ही नाही केलं."

"मग कोणी केलं?"

"कोणीच नाही. ते टक्कल आहे. बारा वर्षांपासून आहे."

मी पातेलं खाली ठेवलं.

तिने सांगितलं ते असं. कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो त्या वर्षी माझ्या शेंड्यावरचे केस जायला लागले. आधी रुपयाएवढी जागा, मग ती वाढत गेली. एका चौथ्या रविवारी आईच्या ते लक्षात आलं. तेव्हा मी रोज कुठे ना कुठे काम विचारायला जात होतो आणि रोज परत येत होतो. आई मुलीला म्हणाली, एवढ्यात त्यांना आणखी एक नको. काम लागलं की सांगू. तोवर तिने वरचे केस लांब ठेवून मागे उतरवायला सुरुवात केली. काम लागलं. मग सांगायचं राहून गेलं. मग सांगणं अवघड झालं. आणि पुढे पुढे तिला त्याची मजाच वाटायला लागली. छोटा आरसा पडून फुटला नव्हता. तो तिने गुंडाळून कचऱ्यात टाकला होता.

मला एक जुनी गोष्ट आठवली. सात वर्षांपूर्वी बायकोचं मनगट प्लास्टरमध्ये होतं आणि दोन महिने मुलीने माझे केस कापले. बायको मागे उभी राहून तिला खुणा करत होती. दोघी मधेच गप्प व्हायच्या आणि मधेच खुसखुसायच्या. मी विचारलं होतं, काय झालं? बायको म्हणाली होती, "मान खाली."

एवढी वर्षं हाताला लागलं नाही का, असं कोणीही विचारेल. लागलं असेल. पण माणूस आंघोळीत डोकं धुतो, डोक्याची चौकशी करत नाही. निदान मी केली नाही. माझे केस अजून दाट आहेत असं ती म्हणत होती, आणि माझ्या डोक्याबद्दल तिचं म्हणणं मी शेवटचं मानत होतो.

"आणखी कोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"तुमच्या दुकानातल्या आरसाकाकांना. आई चष्मा घ्यायला आली होती तेव्हा त्यांना हात जोडून म्हणाली, तुम्हाला दिसतच असेल, पण त्यांना बोलू नका."

"मी त्याला अकरा वर्षं आरसा म्हणतोय."

"हो ना. आई म्हणायची, फार सोशिक माणूस."

मी खुर्चीत बसलो. कालपासूनची सगळी दमछाक एकदम अंगावर आली. मी एकटा सगळं करतो हे दाखवायला मी घर घासून काढलं होतं. आणि बारा वर्षं माझ्या डोक्यावर दुसरं कोणी काम करत होतं आणि मला पत्ता नव्हता.

"आणखी काय काय होतं?" मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मला न सांगता चालवलेलं."

तिने विचार केला. "मला हे एकच माहीत आहे," ती म्हणाली.

तिनेच चहा केला. मिठाची बरणी साखरेच्या पुढे होती ती तिने सहज बाजूला सारली. तिचाही हात पोचतो. कप माझ्या हातात देऊन ती समोर बसली आणि शांतपणे बोलली. वरचे केस तुम्ही कापून टाकलेत, आता हे झाकता येणार नाही. तीन-चार महिने वाढू द्यावे लागतील, मग मी आईसारखं करून देईन, मला येतं. तोवर तुम्ही माझ्याकडे राहा. आणि तोवर म्हणजे कायमचं, हे तुम्हालाही माहीत आहे.

"मी रागाने म्हणत नाही, बाबा," ती म्हणाली. "घर चांगलं ठेवलंय तुम्ही. पण तुम्हाला मागचं दिसत नाही. कोणालाच दिसत नाही. आता मागे कोणी नाही, एवढंच."

ती खरं बोलत होती. मी चहा पीत राहिलो. खरं सांगायचं तर हो म्हणणं सोपं होतं. खोली तयार होती, फळी ठोकलेली होती. माझ्यात भांडायची ताकद नव्हती. डोळ्यासमोर आलं की चार महिन्यांनी मी तिच्या घरात स्टुलावर बसलोय आणि ती माझं टक्कल झाकते आहे, आणि आता मला ते माहीत आहे. आईने झाकलं तेव्हा मला माहीत नव्हतं, म्हणून चाललं.

मी कप ठेवला. खाली कागद पसरले, चादर आणली आणि स्टुलावर बसलो.

"सगळे काढ," मी म्हणालो.

"सगळे म्हणजे?"

"एक नंबर लाव आणि सगळीकडून सारखे कर. झाकायचं काही नको. पुढच्या वेळी मला एकट्याला करता येईल असं कर."

ती मशीन हातात घेऊन उभी राहिली. मी काय सांगत होतो ते तिला कळलं होतं.

"म्हणजे येणार नाही तुम्ही."

"येईन की. दिवाणावर झोपायला, दोन दिवस. पाहुण्यासारखा."

"आणि घरमालक?"

"संध्याकाळी सही करतो."

मला वाटलं आता वाद होणार. ती पुढे आली, माझ्या गळ्यापाशी पुढे लावलेला चिमटा काढला, चादर मागून घट्ट केली आणि तो तिथे लावला. मग पंखा बंद करून आली. दुसरा एक चिमटा तिने तोंडात धरला, लहानपणापासून बघितलेलं असल्यामुळे असेल.

"रोज फोन," दातांतून म्हणाली. "आणि छत नको. डोक्याची मागची बाजू दाखवायची, रोज."

"बरं."

"मान खाली."

मी मान खाली घातली. केस कागदावर पडत होते. सकाळी माझ्या हातून सुटलेल्या काही केसांची टोकं तिच्या आईने कापलेली होती, पाच महिन्यांपूर्वी, याच स्टुलावर. हे मला तेव्हाच सुचलं. मुलीला सांगितलं नाही. ते कागद तिनेच गुंडाळले आणि कचऱ्यात टाकले. मी टाकू दिले.

सोमवारी दुकानात गेलो. डोकं भादरलेलं आणि शेंड्यावर काळा गोल, तो पंधरा दिवस राहिला. मालक बघून आपल्या कामाला लागले. मागच्या खोलीत आरसा वर न बघता स्क्रू पिळत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि मान खाली घातली.

त्याने बराच वेळ बघितलं. मग काचा पुसायचं कापड घेतलं, माझ्या डोक्यावर तोंडाने वाफ सोडली आणि त्या गोलावरून चांगलं दाबून फिरवलं.

"निघत नाही रे," तो म्हणाला.

मी म्हणालो, माझं चुकलं. अकरा वर्षं. तो म्हणाला, जाऊ दे, मला सवय झाली आता, दुसऱ्या नावाने हाक मारलीस तर मी ओ देणार नाही. मग मी विचारलं की तूही मनातल्या मनात माझं काही नाव ठेवलं असशीलच. तो हसला.

"ठेवलंय ना."

"काय?"

"ते नाही सांगणार. वहिनींना शब्द दिलाय."

मी माझ्या टेबलाकडे वळलो. माझ्या हातून एक काच जास्त घासली गेली आणि टाकून द्यावी लागली.

काल चौथा रविवार होता. चहा घेतला, स्टूल मांडलं, खाली कागद पसरले. आरसा लागत नाही म्हणून स्टुलावर बसून करता येतं. पंखा बंद केला. एक नंबर लावून सगळीकडून मशीन फिरवलं, मग डाव्या हाताने चाचपून राहिलेली जागा शोधली. मानेपाशी थोडं राहिलंय असं वाटतं. आज दुकानात आरसा सांगेल.

केस फार थोडे निघाले. एका कागदात मावले. ते टाकून आलो, मानेवर पावडर मारली आणि परत स्टुलावर बसलो. बराच वेळ बसून राहिलो. उकडायला लागलं तेव्हा उठून पंखा लावला.